स्वगत पडतंय, मनातला आवाज पोचत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

संहितेत कंसात ‘स्वगत’ किंवा ‘मनाशी’ एवढं लिहायला दोन सेकंद लागतात आणि तालमीत तीच जागा महिनाभर छळते, हे ज्यांनी एकदा तरी नाटक बसवलंय त्यांना माहितीये. बसत आलेलं नाटक कुठेतरी अडलं की लोक मला तालमीला बोलवतात, आणि बहुतेक वेळा अडलेली जागा हीच निघते, पात्राच्या मनातलं बोलणं. नाटक वेगळं, नट वेगळे, पण दोष तेच पाच-सात. आणि दरवेळी मंडळींनी सुरुवात सगळ्यात महागड्या उपायापासून केलेली असते, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून झालेला असतो, निळा लाईट लावून झालेला असतो, आणि मूळ वाक्यं कोणी परत वाचलेलीच नसतात. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतोय. वरून खाली या, मधली पायरी गाळू नका, कारण खालच्या उपायाने वरचा दोष नुसता झाकला जातो आणि नेमका प्रयोगाच्या दिवशी परत वर येतो.

आधी लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय काय होतंय ते बघा:

- मनातलं बोलणं सुरू झालं की प्रेक्षागृहात खोकला सुरू होतो, खुर्च्या करकरायला लागतात
- तालीम बघायला आलेला माणूस नंतर विचारतो, “तो आत्ता कोणाशी बोलत होता?”
- समोरच्या पात्राने ते ऐकलं असं लोकांना वाटतं, मग पुढच्या प्रसंगात त्याला काहीच माहीत नसतं तेव्हा गोंधळ होतो
- गंभीर जागी हशा येतो, तोही पहिल्याच वाक्याला
- बोलणं संपल्यावर प्रसंग परत पेटतच नाही, समोरच्या नटाचं वाक्य थंड पडतं
- पुढच्या रांगेत नट फार भावूक वाटतो आणि मागच्या रांगेत शब्दच पोचत नाहीत
- रेकॉर्ड केलेला आवाज आला की लोक वर बघतात, किंवा पात्र मेलंय, भूत बोलतंय, जुनी आठवण आहे असं काहीतरी समजतात

पहिली चार दिसत असतील तर मूळ बहुतेक शब्दांत नाहीतर नियमात (आत्ता मनातलं चाललंय हे प्रेक्षकाला कळायच्या खुणेत) असतं. शेवटची तीन नटाची, सांध्याची (मनातलं बोलणं जिथे सुरू होतं आणि संपतं त्या जागेची) किंवा आवाजाची. पण लक्षण बघून थेट खाली उडी मारू नका, मी स्वतः अशा उड्या मारून आठवडे घालवलेत.

खाली सगळीकडे एकच प्रसंग वापरतो म्हणजे समजायला सोपं जाईल. ताई आणि तिचा धाकटा भाऊ टेबलाशी बसलेत, वडील गेलेत, त्यांचं घर विकायचं ठरलंय, कागद पुढ्यात आहेत. ताई म्हणते, “कर सही.” भाऊ पेन उचलतो आणि आता त्याचं मनातलं बोलणं येतं.

१. काढून बघा (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

तो प्रसंग मनातल्या बोलण्याशिवाय एकदा सलग करा. नटाला सांगा की जे बोलणार होतास ते नुसतं मनात ठेव आणि तेवढा वेळ घे, घाई करू नकोस. बघणाऱ्याला, ज्याने संहिता वाचलेली नाही अशाला, विचारा की त्याला काय समजलं. त्याने जर सांगितलं की भाऊ अडखळतोय, त्याला घर सोडवत नाहीये, तर ते सगळं चेहऱ्यावरून आणि पेन धरलेल्या हातावरून पोचलंय, आणि तेच परत तोंडाने सांगितलं की प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा मिळते. खोकला तिथूनच येतो. माणूस बघून समजला की त्याचा तो शोध असतो, त्यावर तुम्ही लगेच सांगून टाकलंत की तो शोध काढून घेतल्यासारखं होतं.

काढल्यावर प्रसंग उभा राहत असेल तर काढून टाका आणि इथेच थांबा. खरंच थांबा. लेखक जवळचा असेल तर वाईट वाटेल त्याला, पण त्याला तालमीला बसवून दोन्ही दाखवा, बहुतेक लेखक स्वतःच काट मारतात.

२. एकेक वाक्याला पेन्सिलने खूण करा

उभं राहत नसेल, म्हणजे मनातलं बोलणं खरंच लागणार असेल, तर ही पायरी. माझ्यामते निम्मं काम इथेच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा भावाचं मूळ बोलणं असं आहे: “किती जड झालंय हे पेन! याच घरात आम्ही लहानाचे मोठे झालो. बाबांनी पै-पै जोडून हे घर उभं केलं. आणि आज मी ते विकतोय. माझी मलाच लाज वाटते.”

आता खुणा. जे वाक्य भावनेचं नाव घेतंय त्याला ‘भ’, जे माहिती देतंय त्याला ‘म’, आणि ज्यात पात्र काहीतरी ठरवतंय, लपवतंय किंवा स्वतःला फसवतंय त्याला ‘ठ’. वरच्या पाच वाक्यांत काय येतं? पेन जड, हे हातानेच दाखवता येतं, भ. मग तीन म. मग परत भ. ‘ठ’ एकही नाही. हे बोलणं कितीही चांगल्या नटाला दिलं तरी पडणार, कारण त्यात घडत काहीच नाही, बोलणं सुरू होताना भाऊ जिथे होता तिथेच संपताना आहे. माहितीची वाक्यं तर मनातल्या बोलण्यात सगळ्यात खोटी वाटतात, माणूस स्वतःला माहीत असलेली गोष्ट स्वतःला सविस्तर सांगत नाही. ती माहिती हवीच असेल तर ताईबरोबरच्या संवादात कुठेतरी घाला.

मग विचारा, या क्षणी तो ताईला काय सांगू शकत नाही? लाज वाटते हे तर तो सांगू शकेल, ताईलाही वाटत असेल. न सांगण्यासारखं काय आहे? एकदा असंच खोदत बसलो तेव्हा या धर्तीचं निघालं:

“ताईला वाटतंय मी थांबलोय. थांबलो नाहीये. तिसऱ्या पानावर बाबांचं नाव चुकलंय. सांगितलं तर आज सही होत नाही, सगळं महिनाभर पुढे. बघितलंच नाहीस तू. कर सही.”

मूळापेक्षा लांबी वाढलेली नाही, पण आता प्रेक्षकाला असं काहीतरी माहितीये जे ताईला माहीत नाही, आणि भाऊ आपल्या डोळ्यांसमोर एक छोटी लबाडी ठरवतोय. घराबद्दल त्याला काय वाटतं ते एका शब्दाने सांगितलेलं नाही तरी कळतं, की त्याला सही उरकून मोकळं व्हायचंय. यानंतर ताई नुसती “काय बघतोयस?” म्हणाली तरी लोक श्वास धरतात.

अशी ‘ठ’ची वाक्यं सापडतच नसतील तर मनातल्या आवाजाची गरज लेखकाला आहे, पात्राला नाही, परत पायरी १ वर जा.

३. मी, तू, की नाव?

वरच्या बोलण्यात शेवटी भाऊ ‘मी’वरून ‘तू’वर आला ते बघितलंत? ही मराठीत फुकट मिळणारी सोय आहे आणि फार कमी लोक वापरतात. माणूस स्वतःशी बोलताना कधी ‘मी’ म्हणतो, कधी स्वतःला ‘तू’ म्हणून झापतो, कधी नावाने हाक मारतो. ‘मी’ कबुलीचा वाटतो, ‘तू’ हुकूम किंवा टोचणी. संहितेत हे मिसळलं गेलं असेल आणि का ते कोणालाच माहीत नसेल तर नट चाचपडतो. ठरवा, आणि बदल करायचा तर एकदाच, नेमक्या जागी करा.

दुसरं म्हणजे बाहेरची आणि आतली भाषा. साहेबांना समोर ‘सर, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारं पात्र मनात त्यांना ‘तू’ म्हणत असेल तर प्रेक्षकाला पहिल्या शब्दाला कळतं की आपण आत आलो, लाईट बदलायचीही गरज राहत नाही. बाहेर प्रमाण बोलणारा मनात घरची बोली बोलतो, बाहेर पूर्ण वाक्यं आणि मनात अर्धी. आतलं बोलणं बाहेरच्यासारखंच नीटनेटकं, पल्लेदार असेल तर ते भाषण वाटतं, आणि “कोणाशी बोलत होता?” हा प्रश्न बऱ्याचदा या नीटनेटकेपणामुळेच येतो.

४. कोणाशी बोलतोय ते एका खुर्चीत बसवा

नटाला विचारा, हे कोणाला सांगतोयस? ‘स्वतःला’ हे उत्तर पुरत नाही. स्वतःतल्या कोणाला? घाबरलेल्याला, लहानपणच्याला? की प्रेक्षकाला? की इथे नसलेल्या माणसाला, समजा वडिलांना? एक रिकामी खुर्ची ठेवा, तिच्यात तो माणूस आहे समजून बोलायला लावा, मग खुर्ची काढा. नजर कुठे ठेवायची हा प्रश्न आपोआप सुटतो. नजर फिरत राहिली, कधी प्रेक्षकांत, कधी छताकडे, कधी ताईकडे, तर बघणाऱ्याला कळत नाही आपण साक्षीदार आहोत की आपल्याला सांगितलं जातंय, आणि हशा इथून येतो, कारण गोंधळलेला माणूस पटकन हसतो.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात याची पक्की विभागणी आहे. कोणालाच ऐकू जात नाही ते स्वगत, सगळ्यांना ऐकू जातं ते प्रकाश, इतरांना वगळून दोघांनी आपसात बोलायचं ते जनान्तिक आणि त्यासाठी त्रिपताक हस्त, म्हणजे अनामिका वाकवून बाकीची बोटं सरळ, असा हात मध्ये धरायचा. नसलेल्या माणसाशी ‘काय म्हणतोस?’ करत बोलायचं ते आकाशभाषित. हात वर गेला की बघणाऱ्याला नियम कळायचा. आज तो हात कोणी ओळखत नाही, म्हणून तुमच्या नाटकापुरती तशी खूण तुम्हालाच बनवायला लागते. त्याचीच पुढची पायरी.

५. नियम एका वाक्यात लिहा आणि भिंतीवर लावा

‘भाऊ मनातलं बोलतो तेव्हा त्याची नजर कागदावर असते, ताई हलत राहते पण ऐकत नाही, आणि तो पेन टेबलावर टेकवतो तेव्हा बाहेर येतो.’ एवढं पुरे. एका वाक्यात मावत नसेल तर नियम गुंतागुंतीचा झालाय, प्रेक्षकालाही कळणार नाही.

त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: आत जायची खूण, बाहेर यायची खूण, आणि त्या वेळात इतर लोक काय करतात. आणखी एक गोष्ट बघा, पहिलं मनातलं बोलणं नाटकात कधी येतं. माझा अनुभव असा की पहिल्या दहा मिनिटांत, छोटं, दोनच वाक्यांचं, हलक्या प्रसंगात येऊन जायला हवं, म्हणजे लोक नियम शिकतात. दुसऱ्या अंकात ऐन रडायच्या जागी पहिल्यांदा आलं तर लोक नियम समजून घेण्यात गुंततात आणि तुमचं रडणं निघून जातं.

कोणाकोणाला मनातला आवाज आहे तेही ठरवा. अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलने १९२८ च्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’मध्ये पात्रांच्या मनातलं सतत मोठ्याने बोलायला लावलंय, पहिल्या प्रयोगात ते बोलणं चालू असताना बाकीचे नट स्तब्ध उभे राहायचे, आणि नाटक नऊ अंकांचं झालं, मध्ये जेवणाची सुट्टी द्यायला लागायची. सगळ्यांची मनं उघडायची तर वेळ असा मोजून द्यावा लागतो. एकाचंच उघडणार असाल तर तेच का, याचं उत्तर नाटकात असायला हवं. आणि एकाला दिलाय पण शेवटच्या प्रसंगात सोयीसाठी ताईलाही दोन वाक्यं दिली, असं कृपा करून करू नका, इतका वेळ प्रेक्षकाने मान्य केलेला करार तिथे मोडतो.

६. सांधा तपासा

मनातलं बोलणं स्वतः चांगलं असतं पण आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं वाक्य सैल असतं, हे इतक्यांदा बघितलंय की आता मी तालमीत पहिल्यांदा तेच दोन क्षण वेगळे करून घेतो. आधीचं एक वाक्य, आत, बाहेर, नंतरचं एक वाक्य, बस, वीस वेळा.

आधी ठरवा की तेवढ्यात वेळ थांबते की चालू राहते. थांबते असेल तर इतरांनी स्तब्ध व्हायचं, पण स्तब्ध माणसाचा श्वास दिसतो, पापण्या हलतात, आणि अर्ध्या मिनिटाच्या पुढे लोक त्या स्तब्ध नटाकडेच बघायला लागतात, तोल जातोय का म्हणून. लांब बोलणं असेल तर स्तब्ध न करता त्यांना एक साधं, बिनआवाजी काम द्या. ताई कागदांचे कोपरे जुळवत बसते, चष्मा पुसते. काम खरं हवं, पूर्ण व्हायला तेवढाच वेळ लागणारं.

बाहेर येताना एखादी वस्तू मदतीला घ्या. आमच्या प्रसंगात ताईने सहीच्या जागेवर बोट ठेवलंय. भाऊ आत जातो, त्याचं सगळं बोलून होतं, आणि बाहेर येतो तेव्हा ते बोट कागदावर दोनदा टकटक करतं. एवढ्या आवाजाने प्रसंग परत जिथे होता तिथे येतो, ताईला वाक्य परत म्हणायला लागत नाही. थंड पडलेलं वाक्य गरम करायला नट आवाज चढवतात, ते करू देऊ नका, टकटक द्या.

ताईची भूमिका करणाऱ्या नटीकडेही एकदा फक्त बघा, अख्खी तालीम, भावाकडे अजिबात न बघता. तिला ते बोलणं पाठ झालेलं असतं आणि नकळत तिसऱ्या पानाचं नाव आलं की तिचे डोळे हलतात. ‘समोरच्याने ऐकलं’ हा दोष तिथे असतो आणि शब्दांवर काम करत बसणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

७. कुजबूज बंद

मनातलं म्हणजे हळू, असं जवळपास प्रत्येक नट धरून चालतो आणि कुजबुजायला लागतो. कुजबुजताना स्वरतंतू नीट कंप पावत नाहीत, आवाजाला सूर राहत नाही, नुसती हवा जाते. त्यामुळे शब्द मागे पोचत नाही, श्वास लवकर संपतो, आणि जोर लावून कुजबुजलं की घशावर ताण येतो. उपाय म्हणजे आवाज पूर्ण सुराचा ठेवायचा, पट्टी थोडी खाली, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या एकाच माणसाला सांगतोय असं सांगायचं. व्यंजनं स्पष्ट, विशेषतः शब्दाच्या शेवटची. जवळीक शब्द स्पष्ट असण्यातून येते, आवाज कमी करण्यातून येत नाही.

गतीचंही तसंच. विचार म्हणजे सावकाश, असं समजून प्रत्येक स्वल्पविरामाला थांबतात. स्वतःचे विचार ऐकून बघा, ते धावतात, मध्येच एका शब्दावर अडकतात, परत धावतात. “सांगितलं तर आज सही होत नाही, सगळं महिनाभर पुढे” एका दमात, आणि मग “बघितलंच नाहीस तू”च्या आधी खरा पॉझ. अख्ख्या बोलण्यात असा एकच.

एक सराव फार उपयोगी पडतो. प्रसंग नुसत्या बाहेरच्या संवादांचा करायचा, आणि दुसऱ्या नटाने भावाच्या मागे उभं राहून त्याच्या प्रत्येक वाक्याआधी मनातलं त्याच्या कानात बोलायचं. तीन-चार वेळा झालं की मागच्याला बाजूला घ्या. नटाला आता आतलं आणि बाहेरचं यातला ओढा अंगात लागलेला असतो, मग त्याला स्वगत ‘म्हणायला’ लागत नाही.

८. लाईट, आणि तोही थोडाच

इथपर्यंत एक रुपयाही गेलेला नाही. आता पुढे वेळ आणि पैसे दोन्ही लागतात.

एकदम अंधार करून एका स्पॉटमध्ये नटाला पकडणं टाळा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि पहिली दोन-तीन वाक्यं लोक फक्त डोळे जुळवतात. बाकी स्टेज निम्म्यावर आणा, नटावरचा लाईट आहे तसाच ठेवा, दोन-तीन सेकंदांत सावकाश. बघणाऱ्याला बदल झाला हे कळलंही नाही तर उत्तम. डोक्यावरून सरळ खाली पडणारा लाईट वापरलात तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि मनातल्या बोलण्यात डोळेच दिसत नाहीत, म्हणून समोरून साधारण ४५ अंशांच्या कोनातून चेहऱ्यावर काहीतरी हवंच. एलईडी दिवे अगदी कमी पातळीवर कधीकधी झटक्याने विझतात, तुमचे तसे असतील तर शून्यापर्यंत नेऊ नका.

आणि लाईट ऑपरेटरला क्यू, म्हणजे लाईट बदलायचा इशारा, शब्दावर देऊ नका, हालचालीवर द्या. नट शब्द चुकवेल, पेन उचलायला चुकणार नाही.

९. रेकॉर्ड केलेला आवाज

हे वरचं सगळं झाल्यावरच. रेकॉर्डिंगमध्ये नट त्या टेपचा गुलाम होतो, आज प्रेक्षक शांत आहेत म्हणून थोडं थांबावं असं वाटलं तरी थांबता येत नाही. तरीही कधीकधी लागतं, उदाहरणार्थ नट तोंडाने दुसरंच बोलतोय किंवा सतत काहीतरी करतोय तेव्हा. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटच्या १९५८ च्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’मध्ये रेकॉर्ड केलेला आवाज सहज स्वीकारला जातो कारण टेपरेकॉर्डर समोर टेबलावर आहे, म्हातारा स्वतः बटणं दाबतो, थांबवतो, मागे नेतो. आवाज कुठून येतो हे डोळ्यांना दिसतं.

तुमच्याकडे यंत्र नसेल तर हे करा:

घुमारा काढून टाका, सगळा. प्रतिध्वनी आला की लोक भूत किंवा भूतकाळ समजतात. रेकॉर्डिंग त्याच नटाचं, तालमी बऱ्यापैकी झाल्यावर, प्रसंगात जसा बसलेला असतो तसाच बसवून. माईक तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प, फ, ब, भ ला हवेचा फटका बसत नाही. एक सलग फाईल करू नका, प्रत्येक वाक्याची वेगळी फाईल, सुरुवातीची शांतता कापलेली, म्हणजे ऑपरेटर नटाच्या श्वासाबरोबर एकेक सोडू शकतो आणि गुलामीचा प्रश्न बराच सुटतो. नटाला सगळं पाठ असलंच पाहिजे, आवाज आला नाही तर त्याने तोंडाने बोलून पुढे जायचं.

आता लोक वर का बघतात ते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद, आणि कानाला जो आवाज आधी पोचतो त्याच दिशेने तो आला असं वाटतं. मोठे स्पीकर पुढे आणि वर टांगलेले असतात, म्हणून आवाज तिथून येतो. एक छोटा स्पीकर नटाजवळ, टेबलाखाली, सेटमध्ये लपवा आणि मोठ्या स्पीकरना थोडा उशीर द्या म्हणजे छोट्याचा आवाज आधी पोचेल. टेबल मोठ्या स्पीकरच्या रेषेपासून ६ मीटर आत असेल तर तेवढ्या अंतराचे १७-१८ आणि वर ५-७, साधारण २४ मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने जुळवा. मग मोठ्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवला तरी आवाज भावाकडूनच आल्यासारखा वाटतो. मात्र उशीर ५० मिलिसेकंदांच्या आसपास नेलात की शब्द दोनदा ऐकू यायला लागतो. तपासायला प्रेक्षागृहात पुढे, मध्ये, मागे आणि दोन्ही कडांना बसून ऐका, साऊंड मिक्सरपाशी उभं राहून ठरवू नका.

१०. दुसरा नट

सगळ्यात महाग, कारण एक माणूस वाढतो आणि अख्खं ब्लॉकिंग, म्हणजे कोणी स्टेजवर कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं ते, बदलतं. आयरिश नाटककार ब्रायन फ्रीलने १९६४ च्या ‘फिलाडेल्फिया, हिअर आय कम!’ या नाटकात एकाच तरुणाला दोन नट दिले, एक चारचौघांतला आणि एक मनातला. मनातला कोणालाच दिसत नाही आणि बाहेरचा त्याच्याशी बोलतो पण त्याच्याकडे कधी बघत नाही. तो एक ‘बघत नाही’चा नियम शेवटपर्यंत पाळला की सगळं पटतं. तुमच्याकडे बिघडत असेल तर आधी हेच बघा, कोणीतरी चुकून बघतंय.

दुसरं बघायचं ते हे, की दोघांना वेगवेगळं काय हवंय? आतल्याला सही करायची आहे, बाहेरच्याला ताईचा विश्वास ठेवायचाय. दोघांना एकच हवं असेल तर दुसरा नट नुसता प्रतिध्वनी होतो. त्यांनी एकमेकांची नक्कल करायची नाही, एखादीच लकब सारखी ठेवायची, पेनचं टोपण अंगठ्याने उघड-मिट करायची वगैरे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

एकाच पायरीवर तीन तालमी गेल्या आणि काही फरक नाही, तर तिथे स्वतः खपत राहू नका.

लाईट वाढवल्यावर स्विच पडतोय, वायर गरम लागतेय, जळका वास येतोय: ताबडतोब बंद, परवानाधारक इलेक्ट्रिशियन. डोक्यावर काही टांगायचं असेल, स्पीकर असो की दिवा, ते काम त्यातल्या माणसाचंच, सुरक्षा साखळीशिवाय काहीही वर जाता कामा नये. माईक सारखा शिट्टी मारतोय आणि जागा बदलूनही थांबत नाही, तर साऊंड इंजिनिअर.

नटाचा आवाज बसलाय तर आधी तालमीत विश्रांती. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, किंवा बोलताना दुखतंय, रक्त दिसतंय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि तोपर्यंत त्या नटाला कुजबुजायलाही लावू नका.

हे एक जास्त महत्त्वाचं. मनातलं बोलणं नटाच्या स्वतःच्या जखमेवर बोट ठेवणारं असू शकतं. तालीम संपून तास झाला तरी तो बाहेर येत नाहीये, झोप उडालीये, त्या प्रसंगाच्या दिवशी यायचं टाळतोय, असं दिसलं तर दिग्दर्शकाने ‘चांगलं होतंय, असंच ठेव’ म्हणायचं नाही. तालीम थांबवा, त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मदत करा, आणि ते बोलणं कापायची तयारी ठेवा.

आणि पायरी २ मध्ये ‘ठ’ सापडत नाही, काढलं तर कथाच कळत नाही, असं असेल तर दोष प्रसंगात नाही, रचनेत आहे. तिथे लेखकाला बोलवा. त्याच्या परवानगीशिवाय संहिता बदलू नका, दुसऱ्याच्या नाटकात तो तुमचा हक्क नाही. बोलवताना नुसतं ‘स्वगत पडतंय’ म्हणू नका, खुणा केलेली पानं पाठवा, कुठली वाक्यं भ, कुठली म, आणि बोलणं काढल्यावर बघणाऱ्याला नेमकं काय कळलं नाही ते त्याच्याच शब्दांत लिहून द्या. तेवढ्यावर लेखक घरी बसून काम करू शकतो, त्याला पहिल्यापासून सगळ्या तालमी बघायला लागत नाहीत.